नदीचा ताप

ऑगस्टचा तिसरा आठवडा. आपल्याकडे श्रावण चालू असतो, नद्या लाल-गढूळ, दोन्ही थड्या भरून वाहत असतात. त्याच दिवसांत अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर, लामार नदी तळाचे गोटे मोजता येतील इतकी निवळलेली असते. मे-जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळून आलेला लोंढा कधीच वाहून गेलेला असतो. खोऱ्यातलं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि त्या गवतात पावलागणिक नाकतोडे उडत असतात. ट्राउट माशासाठी फ्लाय फिशिंग, म्हणजे खोटा किडा (फ्लाय) लावून मासेमारी, करणारे वर्षभर याच दिवसांची वाट पाहतात. नदीसाठी मात्र हेच सगळ्यात नाजूक दिवस. पाणी कमी, ऊन कडक, आणि ट्राउट हा थंड पाण्याचा मासा.

म्हणून या मोसमातलं पहिलं अवजार थर्मामीटर. काठी, रीळ आणि फ्लायची डबी त्यानंतर.

पाण्याचं तापमान घेण्याचीही रीत आहे. काठाशी, घोटाभर उथळ आणि साचलेल्या पाण्यात बुडवलेला थर्मामीटर हमखास जास्त दाखवतो. वाहत्या धारेत, निदान फूटभर खोल, शक्य तर स्वतःच्या सावलीत धरून दोन मिनिटं थांबायचं आणि पाण्यात असतानाच आकडा वाचायचा. ओल्या थर्मामीटरला वारा लागला की पारा भराभर उतरतो. एकच नोंद फारशी उपयोगाची नाही. सकाळी सातला, अकराला आणि एक वाजता अशा तीन नोंदी घेतल्या की नदी कुठे चालली आहे ते कळतं. सकाळी ११ अंश सेल्सिअस दाखवणारी नदी निरभ्र दिवशी दुपारी चारपर्यंत १९ किंवा २० वर जाऊ शकते.

ट्राउट १० ते १६ अंशांत सुखात असतो, खातोही भरपूर. १९-२० च्या पुढे तो खाणं कमी करतो, आणि २३ च्या पुढे त्याचा जीव धोक्यात येतो. यामागचं गणित प्राणवायूचं आहे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २० अंशांना तो ९ वर येतो. लामारच्या उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे त्यातूनही जवळजवळ पाचवा हिस्सा वजा, म्हणजे उरले सातच्या आसपास. माशाचं शरीर पाण्याबरोबर तापतं, तसा त्याचा चयापचय वाढतो आणि प्राणवायूची गरजही वाढते. पुरवठा कमी आणि मागणी जास्त, अशा वेळी त्याला गळाला लावून पाच मिनिटं झुंजवलं तर परत पाण्यात सोडल्यावर तो पोहत जातो खरा, पण पुढच्या काही तासांत तळाशी जाऊन मरू शकतो. सोडणाऱ्याला ते दिसत नाही. या छंदातली सगळ्यात मोठी चूक डोळ्याआड घडते, म्हणूनच ती पुन्हापुन्हा होते.

या दिवसांत ट्राउटचं मोठं खाणं म्हणजे नदीत पडणारे नाकतोडे. आता पेच असा की नाकतोड्यांची वेळ आणि नदी तापण्याची वेळ एकमेकींच्या अंगावर येतात. या खोऱ्यात ऑगस्टअखेरच्या रात्रीही कडाक्याच्या गार असतात. सकाळी गवतावर दव असतं, कधी हिमाचा थरही. नाकतोडा थंड रक्ताचा. नऊपर्यंत तो काडीला चिकटून गारठलेला असतो. दहा-साडेदहाला गवत सुकलं की तो उडू लागतो, आणि दुपारचा वारा सुटला की दर झुळुकीबरोबर दोन-चार नाकतोडे नदीत पडतात. तेव्हा कामाची वेळ साधारण दहापासून दीड-दोनपर्यंतची. चार तास. बाकीचा दिवस नदीकडे नुसतं बघण्यासाठी.

संध्याकाळी हवा गार झाली की पुन्हा गळ टाकावा, असं कुणालाही वाटेल. इथेच भले भले फसतात. पाणी हवेच्या मागून तापतं आणि मागूनच निवतं. नदीचं तापमान दुपारी चार ते सहाच्या दरम्यान शिखर गाठतं आणि अंधार पडल्यावरही बराच वेळ चढलेलंच राहतं. सगळ्यात थंड पाणी सूर्योदयाच्या सुमाराला मिळतं. शेजारच्या मॉन्टाना राज्यात तापलेल्या नद्यांवर दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवतात, ती याच कारणाने. या बंदीला तिथे ‘हूट आउल’ म्हणजे घुबडाची वेळ म्हणतात. उन्हाळ्यात आगीच्या भीतीने लाकूडतोडे पहाटे, घुबडं घुमत असताना कामाला लागत, त्यावरून ते नाव आलं. पाण्याचा पारा सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २३ सेल्सिअसला टेकला की ती लावायची, अशी तिथली रूढ कसोटी. माझ्या मते कसोटी उशिरा लागते. सरकारी फलक लागायची वाट न बघता १९ अंशांना लाइन गुंडाळावी.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे आपल्याकडच्या गळापेक्षा कुठे वेगळं आहे, तेही सांगायला हवं. गांडूळ लावलेला गळ फेकताना शिसाचं वजन पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागून ओढला जातो. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. पिसं, केस, फोम आणि दोरा आकड्यावर बांधून केलेला तो किडा असतो. म्हणून इथे वजन लाइनलाच, म्हणजे जाड दोरीलाच, दिलेलं असतं. डोंगरी नदीसाठी नेहमीची जोडी म्हणजे ९ फुटांची काठी आणि ५ क्रमांकाची लाइन. या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं प्रमाणित वजन १४० ग्रेन, जेमतेम ९ ग्रॅम. एवढ्या वजनाने काठी वाकते आणि ती सरळ होताना लाइन हवेत उलगडत जाते. लाइनच्या टोकाला निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा, तो लीडर. त्याच्या शेवटी आणखी बारीक दोऱ्याचा तुकडा, तो टिपेट, आणि मग फ्लाय.

काठी मागे नेताना घड्याळातल्या एकच्या जागी ती ठाम थांबवायची. मागे गेलेली लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे दहाच्या जागी थांबवायची. घाई झाली तर चाबूक ओढल्यासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. उशीर झाला तर लाइन मागच्या गवतात पडते. नाकतोड्याची फ्लाय मोठी आणि वारा धरणारी, म्हणून हात संथ ठेवायचा, जोर लावायचा नाही. जोर लावला की लीडर स्वतःभोवती फिरून त्यात आपोआप गाठ बसते. तिथे टिपेटची ताकद निम्म्यावर येते. दर पंधरा-वीस फेकींनंतर टिपेट बोटांच्या चिमटीतून सरकवून बघावं. गाठ लागली तर सोडवत बसू नये, तेवढा तुकडा कापून नवा बांधावा.

टिपेटच्या जाडीत लोक उगाच कंजुषी करतात. पाणी काचेसारखं आहे म्हणून ६एक्स, म्हणजे ०.१३ मिलिमीटरचं टिपेट लावतात. त्यावर मोठी फ्लाय बांधली की फेकताना टिपेट पीळ खाऊन कुरळं होतं. शिवाय एवढ्या बारीक दोऱ्याने मासा लवकर काठाला आणता येत नाही. नाकतोड्यासाठी ९ फुटांचा लीडर आणि ३एक्स किंवा ४एक्स, म्हणजे ०.२० किंवा ०.१८ मिलिमीटर, हे योग्य. ६एक्स ठेवावं सकाळच्या ट्रायको नावाच्या चिमुकल्या मेफ्लाय या पाणकिड्यासाठी. तिथे आकडाच २० किंवा २२ क्रमांकाचा असतो. क्रमांक जितका मोठा तितका आकडा लहान, हे नवख्याने ध्यानात ठेवावं.

मासा कुठे असतो? ऑगस्टमध्ये त्याच्या जागा मोजक्या राहतात. पहिली जागा खळाळाच्या तोंडाशी, जिथे पाणी गोट्यांवर आपटून फेसाळतं आणि हवा पोटात घेतं. दुसरी, वेगवान धार आणि संथ पाणी यांच्या मधली शिवण. धारेतून खाणं वाहत येतं, संथ बाजूला उभं राहायला कष्ट पडत नाहीत. तिसरी जागा कुरणातून वळणं घेत जाणाऱ्या नदीच्या बाहेरच्या वळणावर, काठाखाली पाण्याने पोखरलेल्या कपारीत. वरून गवत झुकलेलं, खाली सावली, आणि नाकतोडा पडणार तो नेमका तिथेच. हा मासा काठापासून वीतभर अंतरावर असतो. बहुतेक लोक नदीत शिरून मधल्या धारेत फ्लाय टाकतात आणि शिरतानाच त्याला तुडवून जातात.

कपारीतल्या माशाकडे खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. त्याला पाण्याबाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, आणि त्या खिडकीचा व्यास त्याच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. दोन फूट खोल असलेल्या माशाची खिडकी साडेचार फुटांची. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात नदीचा तळ उमटलेला असतो. पाण्यालगतच्या साधारण १० अंशांच्या कोनातलं जे काही असेल, ते त्याला अगदी चपटं आणि अस्पष्ट दिसतं. याचा व्यवहारातला अर्थ असा की ३० फुटांवर, पाण्याच्या पातळीत उभा असलेला माणूस जेमतेम लपतो. तोच जर तीन फूट उंच काठावर असेल तर त्याने गुडघ्यावर बसलंच पाहिजे. सूर्य पाठीशी असेल तर आधी आपली सावली कुठे पडते ते बघावं. पावलांचा धक्का तर मातीतून थेट पोहोचतो. कुरणाचा पोकळ काठ नगाऱ्यासारखा वाजतो.

त्या आरशाच्या गणितामुळेच नाकतोड्याची फ्लाय उंच तरंगणारी नसावी. खरा नाकतोडा पाण्यात पोटावर पडतो, अर्धा बुडतो, पाय झाडतो. आरशात माशाला आधी त्याने पाडलेले खळगे दिसतात, मग तो खिडकीच्या कडेला येतो. फोमची जाड, फुगलेली फ्लाय आपल्याला लांबून छान दिसते, माशाला मात्र संशयास्पद वाटते. पोट पाण्यात रुतेल अशी, १० क्रमांकाच्या आकड्यावर बांधलेली, पिवळसर-मातकट फ्लाय बरी. जुलैत नाकतोड्यांची पिल्लं लहान आणि हिरवी असतात, तेव्हा १४ क्रमांक पुरतो. कात टाकत टाकत ऑगस्टअखेर ती पंखांची, मोठी होतात, तसा आकडाही मोठा घेत जावा. फ्लाय काठावर, गवताला घासून पडू द्यावी. टप्पदिशी आवाज झाला तर उत्तम, या एकाच फ्लायला आवाज चालतो. मग एकदा किंचित हलवायची आणि सोडून द्यायची. सारखी हलवणं हा उतावळेपणा.

एक गोष्ट पुस्तकी वाटेल, पण ऑगस्टच्या शेवटी तिची किंमत कळते. तोवर माशांनी महिनाभर नाकतोड्याच्या फ्लाय पाहिलेल्या असतात. मासा वर येतो, फ्लायच्या खाली नाक लावून फूटभर मागे वाहत जातो आणि वळतो. अशा वेळी फ्लाय बदलायची ती लहानाकडे: १४ किंवा १६ चा काळा भुंगेरा, नाहीतर मुंगी. आपल्याकडे म्हणतात, मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं. इथे ते अक्षरशः खरं आहे. पावसाच्या सरीनंतरच्या उबदार दुपारी पंखवाल्या मुंग्यांचे थवे उठतात, नदीवर कोसळतात, आणि त्या तासाभरात ट्राउट दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही बघत नाही. डबीत १६ आणि १८ च्या चार मुंग्या नसतील तर तो तास हात चोळत बसावं लागतं.

सगळं बरोबर असूनही मासा येत नसेल तर बहुतेक वेळा दोष फ्लायचा नसतो, ओढीचा असतो. काठाजवळ पाणी संथ, मध्ये वेगवान. मधली धार लाइनला पोटातून ओढते आणि फ्लाय मागे इंग्रजी व्हीसारखी रेघ काढत पळते. नाकतोडा असा पळत नाही. लाइन पाण्यावर पडताच काठीच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा. याला मेंड म्हणतात. पहिल्या सेकंदातच ते करावं, उशिरा केलं तर फ्लायच हलते. त्याहून चांगलं म्हणजे फेक हवेत असतानाच हात वरच्या दिशेला लांबवून लाइन तिरकी पाडणं. चार-पाच फुटांचा निखळ, ओढ नसलेला प्रवास मिळाला तरी पुरे. कपारीतला मासा तेवढ्यातच ठरवतो.

लामार आणि तिला मिळणारे स्लू क्रीक, सोडा ब्यूट क्रीक हे यलोस्टोन कटथ्रोट या ट्राउटचं घर. गळ्याखाली दोन्ही बाजूंना केशरी-तांबडा ओरखडा, अंग पितळी, ठिपके शेपटीकडे दाट. हा इथला मूळचा मासा. याची खायची पद्धत संथ असते. तो तरंगत वर येतो, बघतो, सावकाश तोंड उघडतो. आणि वर उभ्या असलेल्या माणसाचा हात त्याच क्षणी उडतो, फ्लाय उघड्या तोंडातून निसटते. तोंड मिटून डोकं खाली वळेपर्यंत थांबायचं, मगच काठी उचलायची. झटका द्यायचा नाही, लाइन ताणली गेली की झालं. हे थांबणं शिकायला फेकीपेक्षा जास्त वेळ लागतो.

मासा लागल्यावर काठी आभाळाकडे उभी धरण्याची खोड बहुतेकांना असते. त्याने मासा वर उचलला जातो, दमत नाही. काठी आडवी, पाण्याला समांतर धरून बाजूने ओढलं की त्याचं डोकं वळतं, तोल जातो आणि तो निम्म्या वेळात जाळ्यात येतो. जाळं रबराचं, बिनगाठीचं असावं. सुती जाळं अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतं, आणि मग तिथे बुरशी धरते. हात आधी ओले करायचे. उद्यानात टोकामागचा उलटा काटा नसलेलाच आकडा चालतो. चिमट्याने काटा दाबून टाकायचा आणि आकडा सदऱ्याच्या बाहीतून ओढून बघायचा. अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. मासा जाळ्यातच, पाण्यात ठेवून आकडा काढायचा. फोटो हवाच असेल तर दहा सेकंद, तेही पाणी गळत असलेल्या माशाचा. मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला नुसतं आधार देऊन धरायचं. पुढे-मागे हलवू नये, मागे ढकलताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. तो शेपटीने आपल्या हाताला ढकलेल तेव्हा सोडायचं. उद्यानात कटथ्रोट सोडून देणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

दुपारी लामारच्या उगमाकडे गडगडाट झाला तर दुसऱ्या दिवशीचे बेत बदलावे लागतात. तिथल्या उतारांची माती भुसभुशीत. एक जोरदार सर आली की नदी दिवसभर, कधी दोन दिवस, चहाच्या रंगाची होते. अशा वेळी स्लू क्रीककडे वळावं. ते बहुधा निवळ राहतं. वरच्या कुरणांपर्यंत चालत जावं लागतं, त्यामुळे गर्दीही कमी. चालताना गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यापासून ९१ मीटर दूर राहायचं, हा नियम आहे. बायसन नदीकाठच्या नेमक्या वळणावर बसला असेल तर ते वळण त्याचं.

थंड पाण्याच्या ओढ्याचं तोंड ही या दिवसांतली सगळ्यात मोहात पाडणारी जागा. याच उद्यानाच्या पश्चिमेला फायरहोल नदी आहे. गरम झऱ्यांचं आणि गीझरांचं, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम कारंज्यांचं, पाणी तिच्यात येतं, त्यामुळे उन्हाळ्यात ती २५ अंशांच्याही वर जाते, आणि तिथले ट्राउट छोट्या गार ओढ्यांत शिरून दाटीवाटीने दिवस काढतात. इतरत्रही पाणी तापलं की असंच होतं. ओढा मिळतो तिथे पाच-पंचवीस मासे खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. तिथे फ्लाय टाकली तर लागेलही. पण त्यांना हुसकावलं तर ते जिथे जातील तिथे त्यांना श्वास पुरणार नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीचा डोह म्हणून तिथले मासे कुणी धरत नाही, लोक त्यांना उलट खाऊ घालतात. ओढ्याच्या तोंडाशी थर्मामीटर बुडवावा, मुख्य नदीपेक्षा तीन-चार अंश कमी दाखवला तर ती जागा वाळणकोंड समजावी आणि वळसा घालून पुढे जावं.

हे सगळं अति काळजीचं वाटत असेल तर २०१६ चा ऑगस्ट आठवावा. यलोस्टोन नदीत, उद्यानाच्या उत्तरेला, हजारो माउंटन व्हाइटफिश नावाचे मासे मरून तरंगू लागले. कारण निघालं एक सूक्ष्म परजीवी, जो माशाच्या मूत्रपिंडावर हल्ला करतो. कमी प्रवाह आणि तापलेलं पाणी यांनी त्याला साथ दिली. मॉन्टानाने नदीचा १८३ मैलांचा पट्टा, उपनद्यांसकट, सगळ्यांसाठी बंद केला. मासेमारी तर बंदच, होड्या आणि पोहणंही. ऐन मोसमात वाटाडे, होडीवाले, दुकानदार हात बांधून बसले. तेव्हापासून तिथल्या कित्येक वाटाड्यांच्या गळ्यात थर्मामीटर दिसतो. बूट धुऊन, चिखल काढून, पूर्ण वाळवूनच दुसऱ्या नदीत उतरायचं हेही त्यातलंच. बाहेरून आलेली न्यूझीलंडची चिमुकली गोगलगाय बुटाच्या शिवणीत बसून प्रवास करते. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या) तळव्याचे बूट म्हणूनच उद्यानात चालत नाहीत.

सह्याद्रीत ट्राउट नाही, आपलं पाणी त्याला सोसणार नाही. पण पुण्या-मुंबईहून हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात जाणारे आता बरेच आहेत, आणि तिथला ब्राउन ट्राउट इंग्रजांनी आणलेला असला तरी त्याच्या कल्ल्यांना गणित तेच लागू. तिथे ऑगस्ट पावसाचा, गढूळ पाण्याचा. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर नदी निवळते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंडी घालण्याच्या काळासाठी बंदी असते. जाताना पिशवीत एक थर्मामीटर टाकावा. दोनशे ग्रॅमसुद्धा वजन नाही.

लामारवर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा पारा शून्याखाली जाऊ लागतो. नाकतोडे आता दुपारी बारापर्यंत गारठलेले असतात, गवतात हाताने उचलता येतात. काठावरच्या कॉटनवुड झाडांची पानं पिवळी पडतात. ढगाळ दिवशी एक-दोनच्या सुमाराला मोठ्या, तपकिरी-राखाडी मेफ्लाय पाण्यावर उतरू लागतात आणि काठाखालचे मासे पुन्हा मधल्या धारेत येतात. नाकतोड्याची फ्लाय कापून १२ क्रमांकाची तपकिरी ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) बांधायची, टिपेट ५एक्स. दुपारी चारला थर्मामीटर बुडवला तर १३ अंश.